रात्री साडेआठची गोळी

समजा, छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात पीरबाजाराच्या मागे दोन खोल्यांचं एक घर आहे. घरात आजी, आई आणि सात वर्षांची मुलगी. वडील गेले त्याला काही वर्षं झाली. आई वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते, संध्याकाळी सात-साडेसातला परत येते. मुलीला जन्माच्या वेळीच आईकडून एचआयव्हीची लागण झालेली. दोघींची औषधं घाटी या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रातून मिळतात, मोफत मिळतात. हे घर मी मनाने रचलं आहे, पण त्यात जे घडतं ते आपल्याकडच्या कितीतरी घरांत रोज घडतं, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यालाही पत्ता नसतो.

या मुलीने औषध रोज घेतलं तर ती शाळा, कॉलेज, नोकरी, संसार, म्हातारपण सगळं पाहू शकते. तेवढं सामर्थ्य आज औषधात आहे. प्रश्न उरतो तो रोज रात्री ते तिच्या पोटात नेमकं जातं कसं, याचा. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, काही मिनिटांची. बाकीचे सगळे दिवस घराचे. म्हणून या लेखात मी दवाखान्यापेक्षा घराबद्दलच जास्त बोलणार आहे.

२०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातले सुमारे ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्यात मुलांची संख्या थोडी आहे. गरोदरपणी तपासणी होऊ लागली, आईला वेळेत औषध मिळू लागलं, तशी नव्याने लागण होणारी बाळंही कमी झाली. काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, नीट उपचार झाले तर हे प्रमाण ५ च्या खाली येतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण संख्या थोडी म्हणून ही मुलं विखुरलेली आणि एकेकटी राहतात. वर्गात आपल्यासारखं दुसरं कुणी आहे का, हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

देशात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम त्यानंतर, ३० नोव्हेंबर २००६ ला. मुलांच्या गोळ्या येण्याआधी मोठ्यांचीच गोळी तोडून, अर्धी-पाव करून मुलांना द्यावी लागायची, आणि तुकडा लहान पडला की मोठा हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आता, रोज का? एक दिवस चुकला तर काय बिघडतं? आजीला हे समजलं नाही तर ती पाहुणे आले म्हणून, पोरगी झोपली म्हणून, उपास आहे म्हणून गोळी टाळेल, आणि तिच्या मनात काही वाईटही नसेल. एचआयव्ही शरीरात रोज स्वतःच्या अब्जावधी प्रती काढतो, आणि त्या काढताना सारख्या चुका करतो. औषधाची रक्तातली मात्रा पुरेशी असते तोवर प्रती निघतच नाहीत, त्यामुळे चुकांनाही वाव नसतो. डोस चुकत गेले की मात्रा खाली येते आणि प्रती पुन्हा निघू लागतात. अंगात थोडंसंच औषध असताना ज्या वाढतात, त्यांतून औषधाला दाद न देणाऱ्या नेमक्या तगून राहतात. म्हणून हे औषध अधूनमधून घेणं फार वाईट: आजार आवरत नाही आणि औषधही कायमचं हातचं जातं. नेविरापिन आणि एफाविरेन्झ या जुन्या औषधांना निकामी करायला विषाणूतला एकच बदल पुरे व्हायचा. आजचं डोल्युटेग्रॅविर त्या मानाने बरंच टिकाऊ आहे, पण तेही हलगर्जीपणा कायम सोसेल असं नाही.

एआरटी केंद्रात ९५ टक्क्यांचं माप लावतात. दिवसाला एक डोस असेल तर महिन्याच्या तीसपैकी एक चुकला तरी माणूस ९५ च्या वर राहतो, दोन चुकले की ९३ वर येतो. म्हणजे महिन्याला एक चूक खपते, दुसरी नाही.

हे ध्यानात आलं की घरातली पहिली गोष्ट ठरवावी लागते: देणारं माणूस कोण? "सगळे मिळून बघतो" असं जिथे असतं तिथे आईला वाटतं आजीने दिली, आजीला वाटतं आईने दिली, आणि गोळी डबीतच राहते. एकाच माणसाने द्यायची, आणि त्या माणसाला ताप आला, गावाला जावं लागलं तर कोण देणार हेही आधीच ठरवायचं. आपल्या रचलेल्या घरात आई देते, आणि तिला ओव्हरटाइम लागला तर आजी. आजीला वाचता येत नसेल तरी अडत नाही. आईच्या आणि मुलीच्या डबीच्या झाकणांना दोन रंगांचे दोरे बांधले, भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात गोळी दिल्यावर पेनाची रेघ मारली, की काम झालं. रात्री उशिरा आलेली आई काही न विचारता आधी ती रेघ बघते. यामुळे अजून एक अपघात टळतो, दोघींनी मिळून दोनदा देण्याचा.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा घरात रोज चुकत नाही अशी एखादी गोष्ट धरावी. कुणाच्या घरी ती दिवेलागण असेल, कुणाकडे इशाची अजान, कुणाकडे रात्रीची मालिका सुरू होणं. साडेआठच्या जागी पावणेनऊ झाले, तासभर इकडेतिकडे झालं तरी घाबरायचं कारण नाही. राहून गेली आणि झोपताना आठवली तर तेव्हाच द्यावी. दुसऱ्या दिवशीच्या डोसची वेळच जवळ आली असेल तर मात्र दोन एकदम देऊ नयेत. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा, असं केंद्रात सांगतात. पहिल्याच भेटीत हे आपणहून विचारून घ्यावं, कारण उलटी होते ती रात्री, आणि तेव्हा विचारायला कुणी नसतं.

लहान मुलांची खरी लढाई चवीशी असते. लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप अतिशय कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, जिभेवर जाळ होतो. ज्या आयांनी दोन-तीन वर्षांच्या मुलाला ते दिवसातून दोनदा पाजलं, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. मूल दात आवळतं, तोंड फिरवतं, थुंकून टाकतं, आणि आई रडत रडत पुन्हा चमचा भरते. यावर सांगितले जाणारे उपाय घरगुतीच आहेत: आधी बर्फाचा खडा चोखायला द्यायचा म्हणजे जीभ बधिर होते, किंवा बारीक वाटलेला शेंगदाण्याचा कूट तुपात कालवून जिभेला लावायचा, आणि औषध गेल्या-गेल्या श्रीखंडाचं बोट. पेलाभर दुधात मात्र औषध कधी मिसळू नये. मूल अर्धा पेला पिऊन उठतं, मग अर्धा डोस गेला की पाऊण, कुणी सांगावं? सिरप फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते टिकायचं नाही. फ्रिज नसेल तर केंद्रात तसं सांगावं, लाजू नये, पर्याय निघू शकतो. याच औषधाच्या मोठ्या गोळ्या काही घरांत खलबत्त्यात कुटून देतात. त्यांची भुकटी केली की अंगात पुरेसं औषध लागत नाही, म्हणून त्या गोळ्या अख्ख्याच गिळायच्या.

पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्रॅविरची १० मिलिग्रॅमची गोळी आल्यापासून ही लढाई पुष्कळ सोपी झाली आहे. २०२० साली तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वस्त जेनेरिक गोळीलाही. तिला स्ट्रॉबेरीचा स्वाद असतो. छोट्या वाटीत दोन-चार चमचे स्वच्छ पाणी, त्यात डॉक्टरांनी सांगितल्या तितक्या गोळ्या, हलकेच हलवायचं, पूर्ण विरघळल्या की अर्ध्या तासाच्या आत पाजायचं. मग वाटीत पुन्हा चमचाभर पाणी घालायचं, तळाला उरलेलं खळबळून तेही पाजायचं. या शेवटच्या चमच्याला फार जपावं, कारण औषधाचा गाळ तळाशी बसतो. आणखी एक गोष्ट: ही १० ची गोळी आणि मोठ्यांची ५० ची गोळी यांचा हिशेब सरळ नाही. मुलांच्या संपल्या म्हणून आईच्या गोळीचे पाच तुकडे करून भागत नाही.

मूल वाढतं तसा डोसही वाढावा लागतो. हे इतकं साधं आहे की सुटून जातं. दिवाळीत कपडे आखूड झाले हे आईच्या लगेच लक्षात येतं, पण औषध आखूड झालेलं दिसत नाही. दर भेटीत वजन करून घ्यायचं, ते केंद्राच्या पुस्तिकेत लिहिलंय ना बघायचं, आणि "डोस तोच ना?" हे विचारायचं. वजन ३० किलोच्या पुढे गेलं आणि वयही १० च्या वर असलं की बहुतेक मुलांना मोठ्यांचीच, दिवसाला एक अशी तीन औषधांची गोळी मिळते. माझ्या मते हा दिवस घरात पुरणपोळी करण्यासारखा आहे.

शाळेत मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात, धाकट्यांना गुलाबी, थोरल्यांना निळी. ती चांगली आहे, घ्यावी. पण लोह, कॅल्शियम, झिंक आणि अॅसिडिटीची काही औषधं पोटात डोल्युटेग्रॅविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत. नियम असा: डोल्युटेग्रॅविर आधी घेतलं तर दोन तासांनी लोह, लोह आधी घेतलं तर सहा तासांनी डोल्युटेग्रॅविर. शाळेची गोळी दुपारी एकला आणि घरची रात्री साडेआठला, म्हणजे मध्ये साडेसात तास, काही अडचण नाही. काही मुलांची झोप या औषधाने उडते आणि डॉक्टर ते सकाळी द्यायला सांगतात. मग सकाळी सातला घरची, दुपारी शाळेची, तरीही नियम पाळला जातो. वैद्याकडचं लोहभस्म किंवा मंडूर चालू असेल तर तेही लोहच, डॉक्टरांपासून लपवू नये. टीबीचं औषध सुरू झालं तर लगेच सांगावं, कारण रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या औषधाचा डोस बदलावा लागतो.

इथवर सगळं कामाचं होतं, शिकता येण्यासारखं. यापुढचं अवघड आहे. माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक घरांत गोळी चुकते ती विसरण्याने नव्हे, लपवण्याने.

घरी आत्या राहायला आली. साडेआठ वाजले. डबी काढायची तर "कशाच्या गोळ्या गं?" हा प्रश्न येणारच. आई म्हणते, जाऊ दे, दोन दिवस. मामाकडे लग्न आहे, सगळे एका खोलीत झोपलेत, पिशवीतून डबी काढता येत नाही. काही बायका डबीवरचं लेबल खरवडून टाकतात, काही गोळ्या बामच्या डबीत भरतात. मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते, ती सुटली की पावसाळ्यात गोळ्या खराब होऊ शकतात. लेबल काढायचंच असेल तर काढावं, डबी सोडू नये. लोकांना काय सांगायचं तेही घराने एकदा बसून ठरवावं. "रक्ताचं औषध आहे, डॉक्टरांनी रोज द्यायला सांगितलंय" इतकं पुरे, आणि सगळ्यांनी तेच सांगायचं. आजी एक सांगते, आई दुसरं, असं झालं की शेजारीण तिसरं ओळखते. शिवाय नातेवाइकांतल्या एका तरी विश्वासू माणसाला, मावशीला नाहीतर काकाला, खरं सांगून ठेवलेलं बरं. मग लग्नघरात तीच मावशी म्हणते, "चल गं, माझ्याबरोबर चहाला," आणि काम होतं.

पण ज्याच्यापासून सगळ्यात जास्त लपवलं जातं ते त्या मुलापासूनच. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला रोज गोळी देतात आणि कशाची ते सांगत नाहीत. ती विचारते, "मला बरं वाटतंय, मग का घेऊ?" उत्तर मिळत नाही. मुलं कान देऊन असतात. एआरटी केंद्राच्या भिंतीवरचं पोस्टर त्यांना वाचता येतं. घरच्यांच्या आधी भिंतीने सांगितलं तर मूल तो विषय पुन्हा घरात काढत नाही, आणि मग गोळीवरचा विश्वासही उडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली याबाबत स्पष्ट सांगितलं: शाळेच्या वयाच्या मुलांना टप्प्याटप्प्याने त्यांच्या आजाराची माहिती द्यावी.

टप्पे असे असतात. पाच-सहा वर्षांच्या मुलीला रोगाचं नाव सांगायची गरज नाही. समुपदेशक नेहमी सांगतात ती सैनिकांची गोष्ट तिला पुरते: तुझ्या रक्तात सैनिक आहेत, एक जंतू त्यांना त्रास देतो, गोळी त्या जंतूला झोपवून ठेवते, गोळी चुकली की तो उठतो. आठ-नऊला तिला जंतू आणि रक्ततपासणी समजते, मग ती स्वतः विचारते तेवढंच आणि खरं सांगायचं. दहा ते बाराच्या दरम्यान नाव सांगायचं. शक्यतो घरच्या माणसाने, समुपदेशकाशी आधी बोलून, परीक्षेच्या आठवड्यात नाही, आणि सांगून लगेच उठून जायचं नाही. पुढचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "मग मला कुणामुळे झालं?" याच एका प्रश्नाच्या भीतीने कित्येक आया वर्षानुवर्षं गप्प राहतात. खरं उत्तर लहानच आहे: "माझ्याकडून आलं. मला तेव्हा माहीत नव्हतं. मीही हीच औषधं घेते." आईने आपली गोळी मुलीसमोर, त्याच वेळी घेतली तर हे उत्तर मुलीने कित्येक दिवस आधीच पाहिलेलं असतं. दोघींची वेळ एक करणं हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

तेरा-चौदाला मुलं गोळी टाळू लागतात. कंटाळा हे एक कारण आहेच. दुसरं असं की मूल प्रयोग करून पाहतं: आठवडाभर घेतली नाही, काहीच झालं नाही! खरोखरच काही होत नाही, लगेच नाही. ताप येत नाही, दुखत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, गुपचूप वाढत राहतो. गादीखाली, खिडकीच्या फटीत, दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोळ्या सापडतात तेव्हा आईच्या पायाखालची जमीन सरकते. तरी मारू नये, आरडाओरडा करू नये. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी गोळ्या संडासात टाकतं, आणि डबीतल्या गोळ्या मोजून हिशेब बरोबर दिसतो. केंद्रात दर भेटीला उरलेल्या गोळ्या मोजतात ते खरं कळावं म्हणून. धाक असेल तर मोजणी खोटी ठरते.

खरं काय ते व्हायरल लोड सांगतो. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला, पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. आकडा १००० च्या वर निघाला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी काही महिने नेटाने समुपदेशन होतं, घरात काय बिनसलंय ते शोधतात, आणि पुन्हा तपासतात. पुष्कळदा आकडा खाली येतो, कारण मूळ घरातच असतं: आईची कामाची पाळी बदलली, आजी अंथरुणाला खिळली, मुलगा वसतिगृहात गेला. तरीही आकडा उतरला नाही तर प्रकरण राज्यस्तरावरच्या तज्ज्ञ समितीकडे जातं आणि पुढच्या फळीची औषधं ठरतात.

या वयात घरापेक्षा बरोबरीच्या मुलांचं जास्त ऐकलं जातं. झिम्बाब्वेत 'झ्वांदिरी' नावाच्या कार्यक्रमात एचआयव्हीसह वाढलेली तरुण मुलंच लहानांच्या घरी जातात, त्यांच्याशी बोलतात. त्या मुलांचा व्हायरल लोड जास्त चांगला आटोक्यात राहतो, हे तिथल्या चाचणीत दिसलं आहे. आपल्याकडे लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय, बीडजवळ दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया, पंढरपूरला मंगलताई शहा यांची पालवी, अशा ठिकाणी अनाथ मुलं एकत्र वाढली. तिथे औषधाची वेळ सगळ्यांची, त्यामुळे लपवायला काही उरत नाही. बाहेर मात्र भिंत होतीच. सेवालयातली मुलं हासेगावच्या शाळेत बसू लागली तेव्हा काही पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं होतं. आज तसं करणाऱ्या शाळेला कायदा आडवा येतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेला प्रवेश नाकारता येत नाही आणि कुणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. त्यात एक हळवी तरतूदही आहे: एचआयव्हीमुळे आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा घरात १२ ते १८ वर्षांचं समजूतदार थोरलं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळेच्या प्रवेशासाठी, उपचारासाठी सही करू शकतं. असं भावंड हे करत असतंच. कायद्याने ते फक्त मान्य केलं.

पैशाचंही बोलायला हवं. औषध फुकट, पण उस्मानपुऱ्याहून क्रांती चौकातून घाटीपर्यंत रिक्षा, आईची बुडालेली हजेरी, मुलीची बुडालेली शाळा फुकट नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलांसाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात, महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा. प्रकृती स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांची औषधं मिळतात का, हे विचारावं. ऊसतोडीला किंवा सुट्टीत गावी जायचं असेल तर आधी सांगून जास्तीची औषधं घ्यावीत. अडकलोच तर पुस्तिका दाखवून दुसऱ्या गावच्या एआरटी केंद्रातही सोय होते. केंद्राची तारीख औषध संपण्याच्या दोन दिवस आधीची धरावी, कारण तुटवडा पडतो तेव्हा हेच दोन दिवस हाताशी असतात. २०२२ च्या जुलैपासून देशभरच्या तुटवड्याविरुद्ध एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) कार्यालयासमोर महिनाभराहून जास्त बसावं लागलं होतं. काही अडलं, कळेना झालं, तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

मुलगी मोठी होत जाईल तसं हे सगळं तिच्या हातात द्यायचं, पण एका दिवसात नाही. दहाला ती गोळी स्वतः काढेल आणि आई बघेल. बाराला ती रेघ स्वतः मारेल आणि आई आठवड्याला डबी मोजेल. पंधराला घाटीत डॉक्टरांशी ती एकटी बोलेल, आई बाहेरच्या बाकावर बसेल. सोळाला ती कदाचित लग्नाचं विचारेल. व्हायरल लोड सापडतच नाही इतका खाली असेल आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, आणि औषध चालू ठेवून निरोगी बाळही होऊ शकतं. हे तिला त्याआधीच कळलेलं बरं. म्हणून तपासणीचा रिपोर्ट आला की आकडा विचारून घ्यावा, पुस्तिकेत लिहून घ्यावा, आणि मुलगी दहाच्या पुढची असेल तर तो तिलाच वाचायला द्यावा.